शुक्रवारची मुलाखत

"इन्व्हर्टर हाय ना तुमच्याकडे? वीस मिनिटांत मुलाखत आहे माझी!"

क्षितिजा धापा टाकत दुकानात शिरली, तेव्हा लॅपटॉपची बॅटरी नऊ टक्क्यांवर आली होती. कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या सुगतने मान वर केली... आणि घाईघाईने खुर्ची पुसली.

घराखालच्या गाळ्यातल्या कापड विणणाऱ्या लूमच्या खडखडाटाने तिच्या दोन मुलाखती बुडवल्या होत्या. म्हणून 'फुल स्टॅक डेव्हलपर'ची ही तिसरी तिने हट्टाने शुक्रवारी मागून घेतली होती. शुक्रवारी लूम बंद! का बंद, ते मात्र बाईसाहेब साफ विसरल्या. त्या दिवशी त्यांच्या भागात लाईटच नसते.

"जन्म भिवंडीतलाच ना तुमचा? आणि शुक्रवार विसरलात?" सुगतने हसू दाबत विचारलं.

"नंतर हसा. चार्जर कुठे लावू?"

त्याने जागा दाखवली, शटर अर्धं खाली ओढलं आणि स्वतः बाहेर पायरीवर जाऊन बसला.

ऑर्डर घेणारं पान तिथल्या तिथे बनवून दाखवायचं होतं. पान झकास दिसलं. पण बटण दाबलं की ऑर्डर मागे सर्व्हरपर्यंत पोचेचना. क्षितिजा एकेक ओळ पुन्हा तपासू लागली. शटरखालून तिला फक्त दोन पाय दिसत होते. रिक्षाचा हॉर्न वाजला की ते धावत जायचे, गिऱ्हाईक आलं की वाटेत आडवे यायचे.

"भाई, धीरे... अंदर इंटरव्ह्यू चल रहा है."

आपल्यासाठी कोणीतरी गल्ली गप्प करतंय, या विचाराने तिला एकदम भरून आलं.

"वेळ संपली. थांबूया?" पडद्यावरच्या साहेबांनी विचारलं.

"नाही सर. दोन मिनिटं द्या. चूक कुठे आहे ते कळलंय मला." आणि तिने ती सुधारून दाखवली.

पुढच्या मंगळवारी ती पुन्हा दुकानात उभी होती.

"लाईट गेली?" सुगतने विचारलं.

"न्हाय."

"परत मुलाखत?"

"संपल्या. नोकरी लागली मला."

"अरे वा! मग... लॅपटॉप बिघडला?"

"धडधाकट आहे." ती लाजली, पण मागे हटली नाही. "काम काहीच नाही. तुम्हाला बघायला आले... तुम्ही आवडलात मला. बसा म्हणता, की इथेही तीन मुलाखती द्यायच्या?"

 सुगतने स्वच्छ खुर्ची पुन्हा एकदा पुसली.