नमुन्याची तबकडी

“तुम्ही गाणं का सोडलंत?”

एवढंच विचारायचं होतं. बाबा कस्टममध्ये, त्यांची कोचीनला बदली झालेली. रविवारी निघायचं होतं. माझ्या मैत्रिणी लीना आणि शकुन म्हणाल्या, “शैले, जायच्या आधी सुहासिनीमावशींना विचारून दाखव. तुझी हिंमत नाही.”

माझी? शाळेच्या संमेलनात हजार मुलींसमोर एकटीनं गायलेय मी, तेही समोरचा दात तुटलेला असताना. पूजेच्या सुट्टीत झोपाळ्यावरून पडले, तेव्हापासून ‘स’ म्हटला की शीळ वाजते. लीना मला कुकर म्हणते. म्हणू दे.

सुहासिनीमावशी गोदीजवळ खिदिरपूरला तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहायच्या. स्वतः गाणी रचून स्वतः गायच्या. साठ सालानंतर दोन तबकड्या निघाल्या, मग काहीच नाही. इथल्या मराठी मंडळातही आता कुणी नाव काढत नाही.

मी जाऊन विचारलंच. त्या रागावल्या नाहीत. चहा दिला. गोदीतला भोंगा थांबल्यावर सांगू लागल्या.

“तिसरी तबकडी छापण्याआधी कंपनीनं नमुना पाठवला. ऐकून पसंतीची सही करायची असते. चौसष्ट साल. मी विचारलं, ही दुसरी कोण गातेय? ते म्हणाले, बाई, तुम्ही एकट्याच होतात. मी सही केली नाही. पुन्हा गायचा धीरही झाला नाही.”

“फेकून नाही दिलीत?”

“रोज दुपारी लावते. घरात तेवढाच आवाज.”

त्यांनी ग्रामोफोनला चावी दिली. पांढरं कोरं लेबल फिरू लागलं. खरखर. मग त्यांचा आवाज, तरुण.

‘सांज सरली, सोबत सरली...’

दुसऱ्या ओळीला मागून एक मुलगी मिसळली. प्रत्येक ‘स’ला शीळ.

चौसष्टमध्ये मी सहा वर्षांची होते. सोलापुरात.

“दारात माझं नाव घेतलंस, तेव्हाच ओळखलं,” मावशी म्हणाल्या. “आठ वर्षं तुझ्याच सोबतीनं काढली गं.”

“रविवारी आम्ही चाललोय.”

“तू कशी जाशील?” त्यांनी अगदी मायेनं विचारलं, आणि सुई पुन्हा पहिल्या ओळीवर ठेवली.

या वेळी त्यांचा आवाज नव्हता.

तबकडीवर मी एकटीच गात होते, शिळेसकट.

घरी आई ट्रंका भरत होती. बाबा सुतळी कापत होते.

“मी येत नाही,” मी म्हटलं. “सुहासिनीमावशींसोबत राहणार.”

आईचा हात थांबला. “काय म्हणालीस? परत म्हण.”

“सुहासिनीमावशींसोबत.”

शीळ वाजली नाही. मी जिभेनं दात चाचपला.

तुटलेलाच होता.