गाळलेले आवाज

पडद्यावर दोन रेषा होत्या. निळी तीस वर्षांपूर्वीच्या आवाजाची, तांबडी आज सकाळच्या. निळी तारेसारखी ताठ होती. तांबडीला बारीक दात आले होते. शलाका बिडकरने आपला स्वरकंपमापी बंद करून पुन्हा सुरू केला. दात तसेच राहिले.

"यंत्र बरोबर आहे," मागून डॉ. मुजावर हळूच म्हणाले. "तूच बनवलंयस. आता अण्णांना सांगायला हवं."

अण्णा म्हणजे बाळगोंडा मगदूम, कुस्ती मैदानांचे निवेदक. मिरजेच्या या प्रयोगशाळेत कंपवातावर संशोधन चालतं, हे लोकांना कळावं म्हणून ते दोन महिने कुस्त्यांच्या मधल्या वेळात फुकट बोलत होते. शलाकाने लिहून दिलेलं चार पानी भाषण त्यांनी एका वाक्यात बसवलं होतं: "मंडळी, हात थरथरायच्या आधी धा वर्षं हा गडी अंगात शिरल्याला असतोय!" निरोगी आवाज कसा दिसतो ते दाखवायला स्वतःच्या जुन्या कॅसेटांची ट्रंकही त्यांनीच आणून दिली होती.

आणि आता ते समोरच्या खुर्चीत बसून रेषांकडे बघत होते.

"म्हंजे मलाच धरलं व्हय त्यानं?"

"सुरुवात आहे, अण्णा," शलाका म्हणाली. "मेंदूतल्या काही पेशी मरायला लागल्या की गळ्याचे बारीक स्नायू चुकतात. कानाला कळत नाही, यंत्राला कळतं. पण प्रत्येकाचा गळा वेगळा. म्हणून माणसाचा आवाज त्याच्याच जुन्या आवाजाशी ताडून बघावा लागतो."

"औषध?"

"पेशीरक्षक," मुजावर म्हणाले. "मेलेली पेशी ते उठवत नाही. जिवंत आहे ती राखेल, असा आमचा अंदाज. त्याची चाचणी घ्यायला तुमच्यासारखी, अजून हात न थरथरणारी तीस माणसं हवीत. तुम्ही धरून अकरा झाली. तुमचं ऐकून लोक रांगा लावतात हो, पण जुना आवाज आणायचा कुठून? लग्नाच्या व्हिडिओत नुसती गाणी! महिनाअखेर तीस भरली नाहीत, तर चाचणी बंद."

"मग माझा आवाज गेलाच म्हणायचा."



"चाचणी झाली तरी खात्री नाही," शलाका म्हणाली. "अर्ध्यांना औषध, अर्ध्यांना औषध नसलेली नुसती गोळी. कोणाला काय, हे आम्हालाही कळणार नाही."

अण्णा एकदम खुलले. "मग बेस हाय की! निकाल आधी ठरल्याली ती नूरा कुस्ती. तुमची खरी दिसतीया. बरं, तो जुना आवाज जरा ऐकीव."

तिने निळी रेषा वाजवली. ना हलगी, ना गर्दी. एकटे अण्णा, खणखणीत. ऐकता ऐकता त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"आन् पोरं कुटं गेली?"

"कोणती?"

"जिंकल्याली! कुस्ती मारली की मी माइक पोराच्या हातात द्यायचो. नाव सांग, गाव सांग, तालीम सांग, वस्तादाचं नाव घे. एक मैदान चुकवलं न्हाई."

"ते... माझ्या स्वरगाळणीने काढलं. तुमचा सोडून बाकी सगळं ती कचरा समजते."

"वस्तादाचं नाव घेतल्यालं कचरा? शाब्बास बाई!"

शलाका खुर्चीवरून उठली होती. "अण्णा, ती पोरं आता केवढी असतील?"

"पोरं कसली, पन्नाशी गाठली सगळ्यांनी."

मुजावरांनी चष्मा काढला. दोन महिने ज्या जुन्या आवाजांसाठी सगळे गावोगाव हिंडले, तेच शलाका रोज स्वतःच्या हाताने फेकत होती. तिने गाळणी उलटी लावली. अण्णांना काढ, बाकीचे ठेव. धापा टाकणारे तरणे आवाज एकामागून एक बाहेर पडले. संध्याकाळपर्यंत सहाशे बारा मोजले. प्रत्येकाला नाव, गाव, तालीम. इतक्या नीट चिठ्ठ्या लावलेले नमुने शलाकाने आजवर कुठल्याच प्रयोगशाळेत पाहिले नव्हते.

रविवारी पलूसच्या मैदानात अण्णांनी हात वर करून हलगी थांबवली.

"मंडळी, तीस वर्षांमागं ज्यानं ज्यानं माझ्या हातनं माइक घेतला, त्यानं आज परत घ्यायचाय. तवा नाव गाजवायला घेतला, आज आवाज तपासायला. कुणात काय निघालं ते त्याला एकट्याला कळंल, गावाला न्हाई. माझं तेवढं मी सांगतो."

त्यांनी नावं घ्यायला सुरुवात केली. हातात कागद नव्हता. गर्दीतून फेटेवाले, पोट सुटलेले, काठी टेकणारे गडी उठू लागले आणि चपला काढून लाल मातीत उतरले. कडेला यंत्र घेऊन बसलेल्या शलाकाला रांगेचं शेवटचं टोक दिसेना.

अण्णांनी माइक दोन्ही हातांनी धरला.

"पयला मी. बाळगोंडा मगदूम. गाव कुंभोज. आवाजाला कंपवातानं धरलंय, आन् मी त्याच्यासंगं खेळनार हाय."

 मातीतून एक म्हातारा पैलवान ओरडला, "अण्णा, रीत इसरला! वस्ताद कोन?"

अण्णांनी शलाकाकडे बोट केलं.

"शलाका बिडकर. तालीम, मिरज."