किमचीचं खारं पाणी

दुकानाचं शटर वर करता करता हे-रान थबकली. समोरच्या गिंकोच्या झाडाला हिरव्या जाकिटातला एक तरुण सलाईनसारखी औषधाची पिशवी बांधत होता, आणि हळूच म्हणत होता, "जरासं टोचेल हं..."

"झाड ऐकतं वाटतं?"

"उलट बोलत नाही, एवढं मात्र खरं."

किती दिवसांनी तिला हसू आलं! आई गेल्यापासून या शिवणाच्या दुकानात गिऱ्हाईक सोडलं, तर बोलायला कुणीच नव्हतं.

तो थे-इल, झाडांचा डॉक्टर. देगू शहरातल्या झाडांना काय कमी दुखणी होती? फरसबंदीखाली गुदमरलेली मुळं, बसचा धूर, बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकलेलं मीठ... पण या गल्लीत तर मीठ टाकतच नाहीत. मग इथल्या मातीत एवढं मीठ आलं कुठून? शरदापर्यंत सुधारलं नाही, तर झाड तोडणार होते.

दर हिवाळ्यात वर्षभराचं कोबीचं लोणचं, किमची, घालताना कोबी भिजवलेलं खारं पाणी हे-रान झाडाच्या बुंध्याशीच ओतायची. पाणी वाया कशाला घालवायचं, असं आई म्हणायची. तिनं खाली मान घालून सगळं सांगितलं. तो रागावला नाही.

"कोबी किती घेता?"

"आईच्या वेळी घ्यायचो तेवढेच."

"आणि खाणारे?"

"मी एकटी."

मग तो दर आठवड्याला यायचा. माती बदलायचा, गोडं पाणी सोडायचा, जवाचा थंडगार चहा पिताना तिला चिडवायचा. पानं हिरवीगार झाली, आणि तिचा जीव खालीवर होऊ लागला. रोगी बरा झाल्यावर डॉक्टर कशाला येईल? शरदात त्यानं शेवटची पिशवी काढली. "बरं झालं," ती म्हणाली, आणि आत जाऊन शिलाई मशीनवर डोकं टेकून रडली.

थंडी पडली. कोबी भिजवून झाले. खाऱ्या पाण्याचा टब तिला एकटीला हलेना... तेवढ्यात दार वाजलं. लाल रबरी हातमोजे घालून थे-इल उभा होता.

"पाणी गटारात ओतायला आलोय. झाडावर माझा विश्वास आहे, मालकीणबाई. तुमच्यावर नाही."

"एवढ्यासाठीच?"

त्याचे कान लाल झाले.

"कोबी कमी घ्या, असं सांगणार होतो... मग वाटलं — त्यापेक्षा खाणारे वाढवावेत."

टबचा एक कान तिनं धरला आणि दुसरा त्याच्याकडे वळवला.