चिंधी काळी आली

यातलं एक अक्षरही पदरचं नाही. ज्यांच्या बाबतीत हे घडलं, त्या ताई आजही त्याच जागी कामाला आहेत.

शनिवारची संध्याकाळ होती. जागा नेमबाजी क्लबाची शस्त्रखोली. एक टेबल, एक किटली आणि लोखंडी कपाट.

ताईंचं काम रायफली साफ करण्याचं. क्लबाने जुन्या लष्करी काडतुसांची खोकी घेतली होती. त्यांतल्या बार पेटवणाऱ्या मसाल्यात क्षार असतात. बार उडाला की ते नळीत चिकटतात, दमट हवा ओढून घेतात आणि रातोरात लोखंड खातात. नुसत्या तेलाने ते निघत नाहीत. आधी उकळतं पाणी ओतायचं, मग नळी कोरडी करायची आणि शेवटी तेल.

ताई ते चोख करत. तरीही एकच रायफल रोज सकाळी गंजलेली निघे.

"पाणी ओतल्यावर गंजणार नाही तर काय फुलं येणार?" क्लबाचे सेक्रेटरी म्हणाले.

"साहेब, पाण्यानेच तर क्षार निघतात. नंतर मी…"

"मला शिकवू नका. सोमवारी गंज दिसला, तर चाव्या टेबलावर ठेवा."

ताईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी ती रायफल पुन्हा धुतली. सळईला कोरी चिंधी लावून नळीतून फिरवली. ती पांढरीशुभ्र आली. मग कुलूप लावलं. किल्ली फक्त त्यांच्याकडे असे.

रविवारी सकाळी कपाट उघडलं. पुन्हा गंज.

त्यांनी चिंधी फिरवली आणि…

ती काळी आली.

नुसत्या गंजाची चिंधी तांबडी येते. ही काळी होती. तिला बंदुकीच्या जळक्या दारूचा वास होता.

रायफल झाडली गेली होती.

ताईंनी सेक्रेटरींना फोन लावला. "साहेब, रात्री कुणीतरी बार काढलाय."

"बंद कपाटात? काळी काय, तांबडी काय, गंज तो गंज. सबबी पुरे!"

फोन बंद.

संध्याकाळी ताईंनी रायफल धुतली. या वेळी तिचा बोल्ट, म्हणजे नळी मागून बंद करणारा लोखंडी दांडा, काढून घेतला. बोल्टाशिवाय बार उडतच नाही. तो फडक्यात गुंडाळून घरी नेला आणि झोपायच्या खोलीतल्या खणात ठेवला.

"उद्या तोफ आणशील," नवरा म्हणाला. "मला तेवढं बाहेर झोपव."

"अहो, गंमत नको. हात लावू नका त्याला."

सकाळी नवऱ्याने चहा पिता पिता विचारलं, "रात्री तो आवाज कसला होता गं?"

"कसला?"

"बार उडाल्यासारखा. तुला नाही ऐकू आला?"

ताईंना काहीच ऐकू आलं नव्हतं.

त्यांनी खण उघडला. फडकं काळं पडलं होतं.

बोल्टाला हात लावला आणि…

चटका बसला.

ताई तशाच क्लबात धावल्या. कपाटाला कुलूप होतं. आत रायफल होती, बोल्टाशिवाय. नळीत चिंधी फिरवली. काळी! गंज मात्र अजून धरला नव्हता. सेक्रेटरी यायच्या आत त्यांनी किटली उकळली, पाणी ओतलं, नळी पुसली, तेल दिलं.

सेक्रेटरींनी नळीला डोळा लावला. नळी लख्ख होती.

"बघा! मनावर घेतलं की जमतं ना? म्हणजे आजवर चूक तुमचीच होती."

ताईंच्या ओठांवर सगळं आलं होतं. फडकं, चटका, आवाज… पण ऐकणार कोण?

"हो साहेब," त्या म्हणाल्या.

चाव्या ताईंकडेच राहिल्या. बोल्टही पुन्हा क्लबात ठेवला.

आता ताई रोज सगळ्यांच्या आधी येतात आणि कुणीच न झाडलेली रायफल धुतात. रोज चिंधी काळी येते. कपाट, भिंती, छत, सगळं त्यांनी बोटांनी चाचपून पाहिलं आहे. गोळीचं भोक कुठेच नाही.

परवा नवरा चहाला हातच लावेना.

"अगं, तो आवाज अजून येतो," तो हळूच म्हणाला. "आधी लांबून यायचा. काल… आपल्या जिन्यातून आला."

ताईंनी आपला कप बाजूला सरकवला. किल्ल्या उचलल्या आणि कामाला निघाल्या.

दारापाशी मात्र त्या बराच वेळ उभ्या राहिल्या. खाली उतरायचं तर जिन्यानेच जावं लागतं.