बदलीची गाडी

सोलापुरात, शुक्रवार पेठेतल्या त्या बोळात पांढरी गाडी शिरली, तेव्हा वैजयंती दारातच उभी होती. गाडी रुंद, बोळ अरुंद. दोन्ही आरसे मिटवून, भिंतींना अंग चोरत ती पुढं सरकली आणि बरोबर तिच्या पायरीशी येऊन थांबली. आतून एक उंच, सावळा तरुण उतरला.

"वैजयंती मॅडम?"

"हो."

"मी युवराज. विमा कंपनीनं तुमच्यासाठी बदलीची गाडी पाठवलीय. ही घ्या किल्ली." तो हसला. गालावर एकाच बाजूला खळी पडली. "बोळ लई चिंचोळा हाय की तुमचा! आत आलो खरा, आता भायेर कसं पडायचं त्येचाच इचार करतोय."

वैजयंतीनंही हसायला हवं होतं. पण ती नुसती त्या किल्लीकडे बघत राहिली.

या गाडीसाठी ती भांडली होती. वैजयंती फिजिओथेरपिस्ट, एक दिवसाआड दुधनीला जाऊन चंद्रव्वांना चालायला शिकवायची. लकव्यानं त्यांची उजवी बाजू गेली होती, आणि आता कुठं पायात जीव येत होता. अशातच अक्कलकोट रस्त्याच्या वळणावर उसानं भरलेली ट्रॉली कलंडली, आणि सगळा ऊस वैजयंतीच्या छोट्या निळ्या गाडीच्या नाकाडावर कोसळला. तिला खरचटण्यापलीकडं काही झालं नाही. गाडी मात्र गेली. सर्व्हेअरनं पाहणी केली आणि सांगितलं – टोटल लॉस. दुरुस्त करण्यात अर्थ नाही.

"मग बदलीची गाडीही मिळणार नाही मॅडम," विमा कंपनीतला माणूस फोनवर म्हणाला होता. "ती दुरुस्ती चालू असेपर्यंतच देतो आम्ही. तुमची दुरुस्तीच व्हायची नाही."

"म्हणजे गाडी थोडी मोडली असती तर मिळाली असती, आणि पार मोडली म्हणून मिळणार नाही? मी जादा पैसे भरून ही सोय घेतलीय. पॉलिसीत असं कुठं लिहिलंय तेवढं दाखवा."

तसं कुठंच लिहिलेलं नव्हतं. उलट, गाडी बाद झाली तरी भरपाई जमा होईपर्यंत किंवा ठरलेली मुदत संपेपर्यंत बदलीची गाडी द्यायची, असंच त्यात होतं. कंपनीनं दोन दिवसांनी मान्य केलं.

आणि आता गाडी दारात उभी होती, किल्ली हातात होती... आणि हात थरथरत होता.

युवराजनं ते पाहिलं. पण पाहिलं असं दाखवलं नाही.

"हिचा क्लच जरा हट्टी हाय," तो म्हणाला. "पयल्या दिवशी मी शेजारी बसत असतो. नियमच हाय तसा."

"असा नियम आहे?"

"आत्ताच केला."

या वेळी मात्र तिला हसू आलं.

बोळातून गाडी त्यानं काढून दिली, मग ती चालवायला बसली. शहर मागं पडलं. थंडीचे दिवस, दोन्हीकडे ज्वारी कणसाला आलेली. समोरून उसाचा ट्रॅक्टर आला आणि वैजयंतीचे हात स्टिअरिंगवर गोठले. कानात पुन्हा तो ऊस कोसळल्याचा आवाज... तिला वाटलं, आता हा घाबरून स्टिअरिंगला हात घालणार. पण युवराज हातांची घडी घालून तसाच बसून राहिला.

"बाजूला घ्या. जाऊ दे त्याला. आपल्याला कुटं घाई हाय?"

गाडी शेताकडेला थांबली. ट्रॅक्टर निघून गेला, धूळ बसली, तरी ती पुढं निघेना. पलीकडे हुरडा भाजायची आगटी पेटलेली होती. युवराज उतरला, शेतकऱ्याशी दोन शब्द बोलला आणि पळसाच्या पानावर गरम हुरडा घेऊन आला. वर शेंगांची चटणी.

"मी लोकांना चालायला शिकवते," हुरडा चघळत ती हळूच म्हणाली, "आणि मलाच..."

"शिकवणाऱ्यानं पडू नये असा कायदा हाय का?"

तिनं मान हलवली. डोळे भरून आले होते, ते तिखटामुळं, असं तिनं त्याला सांगितलं. त्यानं ते खरं मानल्यासारखं केलं.

दुधनीत चंद्रव्वा खाटेवर वाट बघत होत्या. खिडकीतून अंगणातल्या लिंबाखाली उभा असलेला तरुण त्यांना अर्धाच दिसला.

"ई हुडगा यारव्वा?" त्यांनी डोळे बारीक केले. "कोण गं ह्यो पोरगा?"

"गाडीवाले आहेत. उठा आता, चला."

"नीट दिसंना मला. तोंड तिकडं केलंय त्यानं."

आणि ज्या चंद्रव्वा एरवी चार पावलांत 'साकु, साकु' – पुरे, पुरे – म्हणून हटून बसायच्या, त्या वॉकर ढकलत, धापा टाकत, थेट उंबऱ्यापर्यंत गेल्या. लिंबाखालच्या पोराला डोळे भरून पाहून घेतलं आणि वैजयंतीच्या कानाशी म्हणाल्या, "चांगला हाय."

"आज्जी!"

"काय झालं लाजायला? मी त्याच्या सदऱ्याबद्दल बोलले."

नियम मग दुसऱ्या खेपेलाही लागू झाला आणि तिसऱ्याही. वाटेत बोलणं व्हायचं. युवराज वेळापूरचा, सोलापुरात येऊन त्यानं भाड्याच्या गाड्यांचा धंदा उभा केला होता. तो भसाड्या आवाजात गाणं गुणगुणायचा, अर्ध्यात शब्द विसरायचा, मग स्वतःचे घालायचा. ती रस्त्यावरची नजर न काढता हसायची. तो तिच्याकडे बघतोय हे तिला कळायचं. वळून पाहावंसं वाटायचं... पण समोर रस्ता असायचा.

एके दिवशी तिच्या लक्षात आलं, आपण कधीचा एक ट्रॅक्टर मागं टाकून आलो आणि कळलंसुद्धा नाही. भीती गेली होती. तिनं ते युवराजला सांगितलं नाही.

त्याच आठवड्यात कंपनीचा निरोप आला. भरपाई ठरली होती. तिनं फोनवर 'मान्य' म्हणून कळवलं की रक्कम जमा होणार. रक्कम योग्य होती. वैजयंतीनं निरोप वाचला आणि फोन पालथा ठेवला. दुसऱ्या दिवशी पुन्हा वाचला, पुन्हा ठेवला.

"हिशेबात काही खोट आहे का?" आईनं, वच्छलाबाईंनी, मेथी निवडता निवडता विचारलं.

"नाही."

"मग अडलंय कुठं?"

"बघते गं."

आईनं तिच्याकडे एकदा नीट पाहिलं. "बघ. पण नुसतं बघत बसू नकोस."

पुढच्या खेपेला, गाडी चालवता चालवता, तिनं अगदी सहज बोलल्यासारखं केलं. "भरपाई ठरली. मी मान्य म्हटलं की ही गाडी परत जाणार."

युवराजचं गुणगुणणं थांबलं. 

"मग म्हना की मान्य," तो म्हणाला. "कशाला लांबवताय?"

 'बरं' एवढंच ती म्हणाली.  घरी आल्या आल्या, चपलाही न काढता, तिनं 'मान्य' कळवून टाकलं. एवढी घाई असेल त्याला, तर जाऊ दे!

पैसे जमा झाले. युवराज गाडी न्यायला आला, तेव्हा बोळात ऊन उतरलं होतं. तिनं किल्ली पुढं केली. या वेळी हात स्थिर होता.

"गाडी धुऊन, पुसून ठेवलीय. बघून घ्या."

"बघायचं काय त्यात."

"कुठं ओरखडा नाही. तुमचं नुकसान नको व्हायला."

"मॅडम, तुमी चिडलाय."

"मी कशाला चिडू? तुम्हाला गाडी हवी होती, मिळाली." तिनं तोंड फिरवलं. "मला भीती वाटायची कधीच बंद झाली होती. तरी मी तुम्हाला सोबत न्यायची. मूर्खपणा झाला माझा."

"मला ठावं होतं."

ती वळली.

"त्या दिवशी तुमी ट्रॅक्टर मागं टाकला, गाणं म्हनत म्हनत," युवराज म्हणाला. "तवाच कळलं मला. तरी येत ऱ्हायलो. माझा नियम मीच केलेला, मीच कसा मोडू?"

"मग मान्य करा असं का म्हणालात?"

तो किल्ली हातात फिरवत राहिला. 

"जितके दिवस गाडी तुमच्याकडं, तितके दिवस कंपनी मला भाडं देतीया," तो अखेर म्हणाला. "तुमच्या शेजारी बसायचं... आन् वरनं त्येचं पैशे घ्यायचं? मला बरं वाटंना. आन् दुसरं म्हंजे—"

"काय?"

"गाडी हाय तोवर कसं कळावं... तुमी गाडीसाठी बोलावताय का माझ्यासाठी?"

 वरच्या खिडकीत मेथीच्या जुडीसकट वच्छलाबाई उभ्या होत्या. त्या लगबगीनं आत सरकल्या.

"उद्या मला दुधनीला जायचंय," वैजयंती म्हणाली. चेहरा तापला होता, पण नजर तिनं हटवली नाही. "नवी गाडी यायला वेळ आहे. एसटीनं जाणार."

"बरं."

"गाडी नाही आता. तरी बोलावतेय. याल?"

युवराजच्या गालावर ती एकट्या बाजूची खळी उमटली. "येतो की!"

दुसऱ्या दिवशी एसटी खच्चून भरलेली होती. मागच्या बाकावर कशीबशी दोघांना जागा मिळाली. गाडी हादरत होती, काचा खडखडत होत्या, पुढं कुणीतरी कंडक्टरशी सुट्या पैशांवरून वाद घालत होतं. युवराजनं तिची पिशवी आपल्या मांडीवर घेतली. वैजयंती त्याच्याकडे वळली आणि बघतच राहिली. भुवईजवळ एक जुना व्रण होता, पापण्या दाट होत्या; एवढ्या दिवसांत तिला हे दिसलंच नव्हतं.

"काय बघताय?" त्यानं विचारलं. कान लाल झाले होते.

"काही नाही," ती म्हणाली. "आज गाडी दुसरं कुणीतरी चालवतंय."