तंतोतंत

निरोगी माणसाचं हृदय घड्याळासारखं चालतं असं ज्याला वाटतं, त्याने खुशाल छातीत घड्याळ बसवून घ्यावं. दोन ठोक्यांमधलं अंतर सारखं कमी-जास्त होत असतं. होतं, म्हणून माणूस जिवंत. ते अंतर मोजणं हे तिचं काम. रुग्णालयाच्या मागच्या खोलीत एक खाट, एक स्टूल, छातीला बांधायचा पट्टा आणि पडदा. आजारी असोत की धडधाकट, माणसं आठवड्याच्या अंतराने दोनदा झोपवायची आणि दोन्ही मोजमापं कितपत जुळतात ते बघायचं. न जुळणाऱ्या मापावर भरवसा कोण ठेवणार? थोडीफार जुळायची. हुबेहूब कधीच नाही.

धडधाकट माणसं मिळेनात म्हणून तिने नवऱ्यालाच आणलं, आणि माशी तिथेच शिंकली.

"एका आकड्याचा फरक नाही!" मोठ्या डॉक्टरांनी दोन्ही कागद टेबलावर आपटले. "कॉपी करायची तर जरा अक्कल लावून करावी, मॅडम. घरी बसाल अशाने."

डॉक्टरांनी जन्मात कुणाला पट्टा बांधला नव्हता. पण संशय घ्यायला कुठे हात मळतात?

"पुन्हा घेते. तुमच्या डोळ्यांदेखत," ती म्हणाली.

एक गोष्ट तिने सांगितली नाही. पहिल्या वेळी मध्येच वाऱ्याने दार आपटलं होतं, नवरा दचकला होता, आलेखात तिथे खाच पडली होती. दुसऱ्या कागदावरही तिथेच खाच होती. दुसऱ्या वेळी दाराला कडी होती.

घरी त्याच्यात काही खोट दिसत नव्हती. उलट हल्ली तो जरा जास्तच नेहमीसारखा वागत होता.

डॉक्टरांनी आधी पट्टा स्वतःला बांधून पाहिला. रेघ मनाला येईल तशी भटकली. म्हणजे मशीन ठीक. मग त्यांनी स्वतः कडी घातली, पट्टा नवऱ्याला बांधला आणि जुना आलेख पडद्यावर नव्या रेघेच्या बरोबर मागे येईल असा लावून ठेवला.

"जावयासारखं झोपवलंत की," नवरा म्हणाला. पहिल्या दिवशीही तो हेच म्हणाला होता.

ती डॉक्टरांशेजारी, मशीनपाशी उभी राहिली. खाटेपलीकडचं स्टूल रिकामं होतं.

नवी रेघ जुन्या रेघेवर पडत गेली. चुकत नव्हती. डॉक्टर चष्मा पुसून पुन्हा बघू लागले.

कडी जागच्या जागी होती. नवरा दचकला.

"अरे, हळू!" तो दाराकडे बघून ओरडला.

पडद्यावर खाचेवर खाच बसली.

"तुम्ही खरं बोलत होतात," डॉक्टर पुटपुटले.

नोकरी वाचली होती. तिला ते ऐकूच आलं नाही. तिला पुढचं आठवत होतं. त्या दिवशी ती स्टुलावर बसली होती, त्याची भीती मोडावी म्हणून म्हणाली होती, "तुला हृदय आहे बरं का! माझ्या आईला पटायचं नाही."

तिने ओठ घट्ट मिटले. काही झालं तरी बोलायचं नाही.

नवऱ्याने स्टुलाकडे मान वळवली. क्षणभर ऐकून घेतलं.

आणि खळखळून हसला.

"मग कागद दाखव ना त्यांना!"

"अरे, मी इकडे आहे," ती म्हणाली.

त्याने स्टुलाकडे हात पुढे केला. बोटं अलगद मिटली, पण पुरती नाही. आत एका हाताएवढी जागा राहिली.