लावा सहा

‘लावा सहा’ एवढंच चिठ्ठीवर लिहून अप्पा भेंडी आणायला बाजारात गेले होते. तेजलने मुकाट्याने सहाचा गजर लावला आणि पुन्हा पुस्तकात डोकं घातलं.

देवळाली कॅम्पातला, १९९८ सालचा, बापलेकीचा तो शेवटचा साधा शनिवार.

दुपारी दारात एक उंच तरुण उभा राहिला. हातात टोपली, आत फडफड.

“मी मयूर. लावे आणलेत. किती हवेत ते अप्पा चिठ्ठीवर लिहून ठेवणार होते.”

“लावे... म्हणजे पक्षी?”

“मग? तुम्हाला काय वाटलं?”

तिची नजर घड्याळाकडे गेली — आणि त्याला कळलं. टोपली हलेपर्यंत हसला तो.

“रानातले आहेत?” तिने विषय बदलला.

“रानातले धरले तर मीच आत जाईन! माझ्या शेडमधले आहेत.”

अप्पा बोटीवर आचारी होते. अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्स बंदरात तिथल्याच मिश्र वंशाच्या एका क्रिओल बाईने त्यांना रानबदकाचा, भेंडी घातलेला रस्सा शिकवला होता. इथे शिकारीला बंदी, म्हणून लावे. बाजारातून येताच ते मयूरला म्हणाले, “उद्या जेवायलाच ये रे.”

सकाळी सहाला, बंद करायचा राहून गेलेला गजर वाजला. अप्पा उठले नाहीत.

दोन महिन्यांनी मयूर पुन्हा आला. टोपलीत सहा लावे. “त्यांचा रस्सा... राहूनच गेला ना.”

तिने तेलात मैदा परतायला घेतला. तो भेंडी चिरत होता.

“किती लाल करायचा?” त्याने विचारलं.

“विटेपेक्षा गडद. काळा झाला की संपलं.”

“त्या बाईचं नाव काय होतं?”

“अप्पांना कधी विचारलं नाही.”

“मग विचारलंत तरी काय?”

“काहीच नाही.” उलथणं क्षणभर थांबलं. “ते बोटीवर निघाले की मी दारातून म्हणायचे, ‘नीट जा.’ मनात असायचं वेगळंच...”

“करपेल हं,” तो हळूच म्हणाला. मग भेंडीकडे बघत — “मला कळवणला मोठी शेड मिळालीय. परवा निघतोय. तिकडेच राहायचं आता.”

रस्सा दाट झाला, किंचित कडवट. दोघांनी दोनदा वाढून घेतला.

त्याने चपला घातल्या. “येतो मग.”

“नीट...”

तो वळला. तिने चौकट घट्ट धरली होती.

“मयूर... जाऊ नकोस.”